मुंबईची संग्रहालयं: आधी भायखळा, मग काळा घोडा

संग्रहालयं बघायला मुंबईत येणारा माणूस बहुतेक वेळा गेटवेपासून सुरुवात करतो आणि जवळच आहे म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरतो. दोन-अडीच तासांत पाय बोलायला लागतात आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पुढच्या खेपेवर ढकललं जातं. माझा सल्ला उलटा आहे: पहिला दिवस भायखळ्याला, दुसरा काळा घोड्याला. भायखळ्याचं संग्रहालय मुळात या शहराविषयी आहे. ते आधी पाहिलं की फोर्टात फिरताना इमारती, चौथरे, देणगीदारांची नावं ओळखीची वाटायला लागतात.

पण त्याआधी वार ठरवा. भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी बंद असतं आणि त्याच आवारातली राणीची बागही. काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (सगळे त्याला एनजीएमए म्हणतात) सोमवारी बंद, रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालयही सोमवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठवडाभर सव्वादहा ते सहा उघडं असतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे मोजके दिवस सोडून. म्हणजे सोमवार आणि बुधवार वगळले की प्रश्न मिटला. मी गुरुवार-शुक्रवारची जोडी सुचवेन. शनिवार-रविवारी राणीच्या बागेतल्या पेंग्विनांसाठी आलेली गर्दी फाटकापासूनच लागते. डिसेंबर ते फेब्रुवारी शाळांच्या सहलींचा मोसम. सकाळी साडेदहा ते एक या वेळात दालनं मुलांनी भरलेली असतात, त्यामुळे त्या महिन्यांत दुपारी जेवून जाणं बरं. तिकिटाचे दर आणि डागडुजीसाठी बंद असलेली दालनं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर आदल्या दिवशी बघून घ्या. ही माहिती बदलत राहते.

भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून चालत दहा-पंधरा मिनिटांत जिजामाता उद्यान, म्हणजेच राणीची बाग, येतं. फाटकाशीच डेव्हिड ससूनच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आहे. संग्रहालयाचं आणि प्राणिसंग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं असतं, त्यामुळे कोणत्या रांगेत उभे आहात ते आधी विचारा.

या संग्रहालयाचा जन्म १८५५ चा. वस्तू तेव्हा फोर्टातल्या एका बराकीत होत्या. १८५७ च्या उठावात लष्कराला ती जागा हवी झाली आणि संग्रहाची वाताहत झाली. जॉर्ज बर्डवुड यांनी तो पुन्हा जमवला. नव्या इमारतीसाठी जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी शहरातून पैसे उभे केले. १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ म्हणून दरवाजे उघडले. भाऊ दाजींचं नाव मिळायला मात्र १९७५ उजाडलं. २००३ ते २००७ या काळात इमारतीचं जतनकाम झालं. फिकट हिरव्या भिंती, सोनेरी वर्ख, ओतीव लोखंडाचे खांब, मिंटनच्या फरशा हे सगळं दिसतं ते त्या कामामुळे.

आत गेल्यावर समोर प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. चौथऱ्यावरची हिब्रू अक्षरं वाचता आली नाहीत तरी बघा; पुतळ्याचा देणगीदार बगदादी ज्यू ससून होता, याची ती खूण. तळमजल्यावर हस्तिदंत, बिदरी काम, मुंबईच्या कलाशाळेतली मातीची भांडी अशी कारागिरी आहे. पहिल्यांदा आलेला माणूस इथेच तासभर थांबतो आणि वरच्या मजल्यावरून घाईने उतरतो. उलट करा. आधी वर जा.

वर मुंबईचे जुने नकाशे आहेत, बेटांचं शहर कसं झालं ते दाखवणारे. मातीच्या छोट्या मूर्ती आहेत: कोळी, भंडारी, पारशी, बोहरी, वाणी, प्रत्येकाचं पागोटं वेगळं. यातलं बरंचसं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स क्युरेटर होते त्या सुमाराचं. या मूर्ती बघताना एक गोष्ट मनात असू द्या. माणसांची जातवार, धंदेवार मांडणी ही त्या काळच्या सरकारी नजरेची सवय होती. पागोट्याची घडी बारकाईने टिपली आहे. माणसाचं नाव मात्र कुठेच नाही. पारशी आपले मृतदेह ठेवतात त्या दख्म्याची प्रतिकृतीही इथेच आहे. आत जाऊन बघता येत नाही अशा वास्तूची रचना समजून घ्यायची ही सोपी जागा.

बाहेर पडल्यावर सरळ फाटकाकडे वळू नका. इमारतीला लागूनच काळ्या पाषाणाचा मोठा हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून १९१४ मध्ये जोडले. अंगावरचे सांधे जवळून स्पष्ट दिसतात. पाठ आणि पोट मिळतात तिथे बघा. पुढे उद्यानात सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा आहे. हाच तो मूळ ‘काळा घोडा’, १९६५ मध्ये फोर्टातून हलवलेला. फोर्टात आज जो घोडा उभा आहे तो २०१७ चा, आणि त्याच्यावर स्वार नाही. दुसऱ्या दिवशी तो बघाल तेव्हा रिकाम्या पाठीचा अर्थ लागतो, तो भायखळा आधी केल्यामुळे.

दुसरा दिवस. चर्चगेटहून काळा घोडा चालत वीस मिनिटांच्या आत. मेट्रो ३ ने आलात तर हुतात्मा चौक स्थानक सोयीचं. सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या दारात हजर राहिलात तर शिल्पदालन पहिला अर्धा तास जवळजवळ मोकळं मिळतं.

इमारतीकडे आधी बागेतून बघा. जॉर्ज विटेटची ही रचना. कोनशिला १९०५ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते, बांधकाम १९१४ मध्ये पूर्ण. पण पहिलं महायुद्ध लागलं, तिथे लष्करी रुग्णालय झालं आणि संग्रहालय म्हणून ते १९२२ मध्ये उघडलं. (हा प्रिन्स म्हणजे पुढचा पाचवा जॉर्ज, काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड त्याचा बाप.) निळसर काळा दगड कुर्ल्याचा, पिवळसर मालाडचा, घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाप. आत मधल्या दिवाणखान्यात लाकडी कमानींची रांग आहे. ती नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन इथे बसवली. घुमटाकडे माना वर करून बघण्याच्या नादात लोक ती चुकवतात.

शिल्पदालनात मी तीन ठिकाणी थांबायला सांगेन. पहिलं, सोपाऱ्याच्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्यात तो शोधला. ब्राह्मी अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात. उभ्या रेघेवर आडवी रेघ म्हणजे ‘क’, अगदी अधिकचं चिन्ह. एवढं एक अक्षर लक्षात ठेवून शोधलं तरी दगड बोलका होतो.

दुसरं, मीरपूर खासच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती. मीरपूर खास सिंधमध्ये; तिथल्या स्तूपाचं उत्खनन हेन्री कझिन्स यांनी केलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून या मूर्ती कराचीऐवजी इथे आल्या. हातात कमळ घेतलेला उभा भक्त चुकवू नका. विटेच्या मातीत कपड्याची चुणी किती पातळ काढता येते ते तिथे कळतं.

तिसरं, ऐहोळेच्या छताचे दगड: ब्रह्मा, शिव, विष्णू. ऐहोळेही तेव्हा इलाख्यातच. हे दगड मंदिराच्या छताला होते, भक्त ते खालून बघत असे. इथे ते आपल्यासमोर उभे आहेत. त्यामुळे आकृतींची प्रमाणं पहिल्या नजरेला थोडी विचित्र वाटतात. चार पावलं मागे सरा, थोडं वाका, मान वर करून बघा. लोक बघतील, बघू देत.

वरच्या मजल्यावर लघुचित्रांचं दालन. इथे बहुतेकांची तक्रार एकच, अंधार फार. तो मुद्दाम ठेवलेला असतो. कागद आणि वनस्पतिज रंग प्रकाशाने फिके पडतात आणि ते नुकसान भरून येत नाही, म्हणून अशा चित्रांवर जगभर साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पाडतात. उन्हातून आलेल्या डोळ्यांना तेवढ्यात काही दिसत नाही. दाराशी पाच मिनिटं बसा, मग चित्राकडे जा. काचेवर स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असेल तर समोरून एक पाऊल बाजूला व्हा. पांढरा सदरा काचेत सर्वात जास्त चमकतो. त्या दिवशी गडद रंगाचा घाला.

चित्रात काय बघायचं? कागदाचे थर चिकटवून आधी वसली तयार करतात. तिच्यावर पांढऱ्याचा हात देतात आणि चित्र पालथं घालून मागून अकीकाच्या दगडाने घोटतात. त्यामुळे रंग कागदात दबून मिनाकारीसारखे लखलखतात. खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेल्या दाढीचे केस मोजायला साधं भिंग पुरतं. मोबाइलचा झूमही चालतो, फक्त फ्लॅश बंद. हिरव्या भागाभोवती तपकिरी डाग किंवा तुटलेला कागद दिसला तर तो जंगालाचा परिणाम असण्याची शक्यता मोठी. तांब्यापासून केलेला हा हिरवा रंग काळाबरोबर कागदच खातो.

शस्त्रदालनात अकबराचं १५८१ चं चिलखत आहे, ते बघा आणि बाकीच्या तलवारींवरून नजर फिरवा. ब्राँझमध्ये श्रवणबेळगोळचा छोटा बाहुबली, सुमारे नवव्या शतकातला. पायांवर चढलेल्या वेली आणि खांद्यावर उतरलेले केस यांच्यासाठी मूर्तीच्या बाजूलाही जा. टाटा बंधूंच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आवडीच्या असतील तर त्यांच्यासाठी स्वतंत्र तास राखून ठेवा. युरोपीय चित्रं मी वेळ उरला तरच बघेन. पेंढा भरलेल्या प्राण्यांचं दालन मुलं बरोबर असतील तर. मुलांसाठी २०१९ मध्ये उघडलेलं स्वतंत्र बाल संग्रहालयही त्याच आवारात आहे.

सगळं एका दिवसात होत नाही आणि ते करायचा हट्ट हीच मुख्य चूक. साधारण तास-सव्वा तासानंतर डोळे पाट्या वाचतात, वस्तू बघत नाहीत. दोन दालनं, मग बागेत पंधरा मिनिटं, मग पुढची दोन, हा वेग झेपतो. मोठी बॅग दाराशी ठेवून घेतली जाते. पैसे, फोन आणि पाण्याची बाटली छोट्या पिशवीत वेगळी काढून ठेवा, बाटली मात्र दालनात उघडू नका. पावसाळ्यात ओली छत्री आत येत नाही. हवेतला ओलावा वाढला की ब्राँझवरचा क्षार जागा होतो आणि लाकूड फुगतं, त्यामुळे पहारेकऱ्यांची ती कटकट समजून घेण्यासारखी आहे.

रस्ता ओलांडला की एनजीएमए. १९११ चा कावसजी जहांगीर हॉल, हाही विटेटचाच, १९९६ पासून कलादालन. अर्धगोल मजले जिन्यांनी एकावर एक चढत जातात आणि शेवटचा मजला घुमटाखाली. प्रदर्शन बहुधा खालून वर असं लावलेलं असतं. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात मजले बंद असू शकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आज किती मजले उघडे आहेत ते विचारा.

जहांगीर कलादालन १९५२ चं, प्रवेश मोफत. इथली प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात. मंगळवारी सकाळी गेलात तर भिंतीवर खिळे ठोकणं चालू असतं, सोमवारी संध्याकाळी चित्रं कागदात गुंडाळली जात असतात. बुधवार ते शनिवार दुपार सर्वात चांगली. चित्रकार बहुतेक वेळा दालनातच खुर्ची टाकून बसलेला असतो. ‘यात काय दाखवलंय?’ असं विचारलंत तर ठरीव उत्तर मिळेल. माध्यम कोणतं, एका कॅनव्हासला किती थर, आधी स्केच केलं का, हे विचारा, गप्पा रंगतात. किमतीची यादी टेबलावर मागितली की मिळते, आणि चित्राच्या पाटीवरचा लाल ठिपका म्हणजे ते विकलं गेलं. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार चित्रं मांडून बसतात, तिथेही थांबा. परिसरातली खाजगी दालनं बहुतेक रविवारी बंद असतात.

अर्धा दिवस शिल्लक असेल तर सर फिरोजशाह मेहता रोडवरचं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय घ्या. छोटं, थंड, आणि पाट्या चांगल्या. नाण्यांत रस नसेल तर गावदेवीचं मणिभवन. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की इथे उतरत. जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजल्यावरच्या ग्रंथालयात बसावं. वर चरख्याची खोली, त्यापलीकडे गांधीजींचं आयुष्य बाहुल्यांच्या देखाव्यांत मांडलेलं आहे, आणि गच्चीही आहे. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना तिथूनच नेलं. ग्रँट रोड स्टेशनहून पश्चिमेला बाहेर पडून चालत जाता येतं. टॅक्सी केलीत तर ‘लॅबर्नम रोड’ सांगा, नुसतं ‘मणिभवन’ सगळ्यांनाच कळतं असं नाही.