जावयांच्या आडनावामागे: क्यू ते नॉर्थ वॉलशम

आमच्या पिढीला लिस्टर म्हटलं की विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवतं. जावयांचं आडनाव लिस्टर. लेकीने लग्न ठरवलं तेव्हा माझ्या भावाचा पहिला प्रश्न हाच होता, "इंजिनवाल्यांपैकी का?" तसं काही नाही. जावयांच्या घरात पणजोबांच्या मागची खबर कुणालाच नाही; मूळचे यॉर्कशरचे, एवढंच ऐकीव. मी उभी हयात विक्रीकर खात्यात काढलेली. साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या करयाद्या हातात घेऊन बघता येतात म्हटल्यावर जावयांपेक्षा मलाच घाई झाली.

लंडनच्या क्यू गार्डन्स स्टेशनवर उतरणारी गर्दी बागेकडे वळते. आपण नॅशनल आर्काइव्हजची, म्हणजे सरकारी दफ्तरखान्याची वाट धरायची. काँक्रीटची अवाढव्य इमारत, पुढ्यात तळं. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की वाचकाचं कार्ड फुकट मिळतं. पेन आत चालत नाही, फक्त पेन्सिल. पर्स, पिशवी, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये.

करांच्या नोंदी 'ई 179' या मालिकेत आहेत. आमच्या टेबलावर आलं ते 1379 च्या डोईपट्टीचं (माणसागणिक कराचं), यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागाचं चर्मपत्र. कातड्याचे लांब पट्टे, डोक्याशी एकत्र शिवलेले. शाई तपकिरी पडलेली. भाषा लॅटिन आणि तीही निम्मी गिळलेली: शब्द मध्येच तोडायचा आणि वर एक रेघ मारायची. रकमा रोमन आकड्यांत. चार पेन्स म्हणजे चार दांड्या, शेवटचीला खाली शेपटी. ओळीमागून ओळ तेच, "योहानेस अमुक एत उक्सोर एयुस", म्हणजे अमुक जॉन आणि त्याची बायको, चार पेन्स. जोडप्याला मिळून एक पट्टी, त्यामुळे बायकोचं नाव लिहायची गरजच नाही. ती विधवा झाली की मात्र स्वतःच्या नावाने यादीत येते, कारण आता पैसे तिच्याकडून यायचे असतात. जावयांना याचं फार वाईट वाटलं. मला नवल वाटलं नाही. वसुली खात्याला माणूस येणे रकमेपुरताच दिसतो.

लिस्टर सापडले, आणि हवे त्यापेक्षा जास्तच. लिस्टर म्हणजे रंगारी, आणि वेस्ट रायडिंगमध्ये जिकडे तिकडे लोकरीचं कापड. मग रंगाऱ्यांना काय तोटा? कुठे ते आडनाव आहे, कुठे नुसता धंदा. बाप रंगारी म्हणून लिस्टर, मुलगा दुसऱ्याच नावाने ओळखला जातोय, हे तेव्हा चालून जायचं.

त्याच्या मागे 1332 ची यादी आहे. गावात जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा, शहरात दहावा. ज्याच्याकडे घेण्यासारखं काही नाही, तो यादीतच नाही. 1334 मध्ये सरकारने गावोगावशी ठोक रक्कम ठरवून टाकली. कुणी किती द्यायचे ते गावाने आपसांत बघावं. वसुली सोपी झाली, यादीतली नावं मात्र गेली. मग 1348-49 ची प्लेग. थेट 1377 च्या पहिल्या डोईपट्टीपर्यंत सामान्य माणसाचा माग जवळजवळ तुटतो.

व्यापाराच्या कागदांत बघू म्हटलं. हल बंदराच्या जकातीचे हिशेबही क्यूलाच आहेत. लोकर बाहेर जायची ती पोत्याच्या हिशेबाने: 364 पौंड वजनाचं एक पोतं, त्यावर 1275 पासून 6 शिलिंग 8 पेन्स जकात. आत यायचं त्यात मंजिष्ठ, तुरटी आणि वोड. वोडच्या पानांतला निळा रंग म्हणजे आपल्या निळीतलाच. पुढे हिंदुस्तानातली नीळ जहाजांनी यायला लागली तशी वोडची सद्दी संपली. रंगाऱ्याला लागणारा सगळा माल इथे आहे, पण नोंद आहे ती माल आणणाऱ्या व्यापाऱ्याची. रंगारी बिचारा गोदीच्या अलीकडेच राहिला.

कापडावर शिक्का मारून घ्यायची पट्टी वेगळी. 1353 पासून साध्या ताग्याला 4 पेन्स, आणि पुढे तिची वसुली मक्त्याने दिलेली. हे हिशेब नावांनी भरलेले आहेत म्हणून आम्ही हुरळलो होतो. पण एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी 1929 मध्येच दाखवून दिलंय की पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडच्या मक्तेदारांनी जुनीच नावं आणि आकडे फिरवून फिरवून उतरवले होते. घरी बसून पीकपाहणी भरणारा तलाठी तिकडेही होता तर!

हॅलिफॅक्सजवळचा शिबडेन हॉल जावयांच्या हट्टापायी पाहिला. 1420 च्या सुमारास बांधलेला, लाकडी चौकटींचा देखणा वाडा. पुढे तीनशे वर्षं तो लिस्टर घराण्याकडे होता, रोजनिशीकार ॲन लिस्टर यातलीच. प्रत्येक लिस्टरला आपण यांच्यापैकी असावंसं वाटतं. शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये प्रचंड लिस्टर मिल्स उभ्या आहेत. त्यांचा मालक सॅम्युअल कनलिफ-लिस्टर. त्याच्या वडिलांचं मूळ आडनाव कनलिफ, इस्टेटीबरोबर लिस्टर हे नाव आलं. हे मी सांगितल्यावर जावई गाडीत बराच वेळ गप्प होते.

मग नॉर्विचहून छोट्या गाडीने नॉर्थ वॉलशम, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉर्फक परगण्यातलं गाव. इथेही एक रंगारी होता. 1381 ची डोईपट्टी माणशी 12 पेन्स, पहिलीच्या तिप्पट. 1377 ला सुमारे साडेतेरा लाख लोकांनी पट्टी भरली होती, आता यादीत भरले जेमतेम नऊ लाख. बिनलग्नाच्या मुली, बहिणी, विधवा कागदावरून गायब! लपवाछपवी शोधायला सरकारने पुन्हा माणसं धाडली आणि देश पेटला. नॉर्फकमधल्या बंडाचा पुढारी होता जेफ्री लिटस्टर, फेलमिंगमचा रंगारी; लिटस्टर म्हणजे लिस्टरचंच जुनं रूप. नॉर्विचच्या किल्ल्यात त्याने नाइट लोकांना आपल्या पंगतीला वाढायला लावलं, असं त्या काळचा बखरकार टॉमस वॉल्सिंगहॅम लिहितो. जूनच्या अखेरीस बिशप हेन्री डिस्पेन्सरने नॉर्थ वॉलशमला बंड मोडलं, स्वतःच लिटस्टरचा कबुलीजबाब ऐकला, आणि त्याला फरफटत फाशीला नेताना डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून ते हाताने उचलून धरलं. फाशी मात्र दिलीच. ही दया की शिस्त, मला उलगडलेलं नाही.

गावाबाहेर एक जुना दगडी क्रॉस आहे, लढाईची खूण म्हणून दाखवतात. जावई त्याच्याशी फोटो काढून घेऊन म्हणाले, "आई, वाडेवाले नकोत, हाच आमचा पूर्वज." मी म्हटलं, नॉर्फकचा रंगारी यॉर्कशरच्या घराण्यात घालायचा तर कागद लागेल. वरून खाली शोधत आलं की असं कुणीही पूर्वज होतो. चर्चच्या नोंदवह्या 1538 पासून आहेत, जन्माचे सरकारी दाखले 1837 पासून. आधी पणजोबांचा दाखला मागवा, असं बजावून मी पुण्याला परतलेय. अजून मागवलेला नाही.