होय, दलालच

दर गणपतीला रत्नागिरीला घरी आलो की आरती संपल्यावर कोणीतरी विचारतेच: "चांगला टेनिस खेळत होतास, मग खेळाडूंची दलाली करायचे कुठून सुचले?" अमेरिकेच्या डेव्हिस कप संघाचा कर्णधार डोनाल्ड डेल पुढे टेनिसपटू आर्थर ॲशचा एजंट झाला, हा दाखला मी तयार ठेवलेला असतो, आमच्या ओटीवर तो चालत नाही. यंदा तुम्ही थेट विचारलेत, म्हणून एकदाच लिहितो.

आंबेवाल्यांच्या घरात ‘दलाल’ हा शब्द कोणत्या सुरात निघतो, हे तुम्हाला सांगायला नको. मी लहान असताना वाशीच्या बाजारातून आलेली पट्टी, म्हणजे दलालाने पाठवलेला विक्रीचा हिशेब, बाबा चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचत. हमाली, तोलाई, अडत म्हणजे दलालाचे कमिशन आणि हंगामाआधीची उचल वजा होऊन जे उरे, त्यावर मी खेळलो. एकूण 15,000 डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला 156 डॉलर मिळत. 2019 च्या जानेवारीत त्या स्पर्धांचे एटीपी गुण, म्हणजे जागतिक क्रमवारीत धरले जाणारे गुणच, बंद झाले आणि ऑगस्टमध्ये ते परत सुरू झाले, तोवर माझ्या रॅकेट माळ्यावर गेल्या होत्या. नियमांनी मला संपवले, असे मी बरीच वर्षे सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. माझा बॅकहँड मुळात त्या पातळीचा नव्हता.

पण तुम्हाला खरे विचारायचे असते ते त्या मुलाबद्दल. आपल्याच तालुक्यातला, एकोणीस वर्षांचा, मी ज्याचा एजंट आहे तो. वर्षाला किमान 20 स्पर्धा खेळल्या नाहीत तर रक्कम कापली जाईल, अशी अट रॅकेट कंपनीशी झालेल्या त्याच्या जाहिरात-करारात होती आणि दुखापतीचा अपवाद मी मागितलाच नव्हता. नोव्हेंबरमध्ये एका रात्री हॉटेलवरून त्याचा फोन आला: "दादा, सर्व्हिसला खांदा वर जात नाही. खेळू का?" किती स्पर्धा झाल्या, असे मी विचारले, उत्तर मला माहीत होते. एकोणीस. "फिजिओला दाखव, आणि पहिली फेरी तरी खेळ," असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मला फक्त स्कोअर दिसत होता: डबल फॉल्ट, पुन्हा डबल फॉल्ट, आणि दुसऱ्या सेटमध्ये ‘रिटायर्ड’, म्हणजे सामना अर्धवट सोडला.

फिजिओने हरकत घेतली नव्हती आणि खेळण्याचा निर्णय शेवटी त्याचा होता, हे मी आजही म्हणतो. मात्र मी स्वतः खेळत असताना, ‘आज उतरू नकोस’ असे सांगणारे कोणीतरी आपल्या पाठीशी हवे होते, अशी तक्रार मीच करत असे, आणि तो कोणीतरी होण्याची वेळ आली तेव्हा मी स्पर्धा मोजल्या. करारातले माझे 20 टक्के जमा झाले. ते मी परत केले नाहीत.

त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. तो परत खेळतो आहे, माझ्याकडेच आहे. का, ते मी त्याला विचारलेले नाही. नव्या करारात दुखापतीचा अपवाद आहे, आणि त्याच्या बदल्यात कंपनीने स्पर्धांचा आकडा 22 केला आहे. वाचून त्याने सही केली, मीही केली.