अंगठा दाबला आणि खड्डा तसाच राहिला

फेब्रुवारीत भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर बालकांची कुपोषण तपासणी होती. भट्टीवरची कातकरी कुटुंबं शहापूर-मुरबाडकडची. दिवाळीनंतर उचल घेऊन येतात, पावसाआधी परत जातात. पोरांची नावं गावच्या अंगणवाडीत आणि पोरं भट्टीवर, त्यामुळे काटा घेऊन आपणच जावं लागतं.

डिजिटल काट्याला सपाट, घट्ट जागा हवी. भट्टीच्या भुसभुशीत मातीवर आकडा स्थिर राहत नाही, म्हणून मुकादमाच्या खोलीतली फरशी मागून घेतली. उंचीतही गफलत होते. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं असतं. उभं केलं की साधारण 0.7 सेंटिमीटर कमी भरतं, आणि कमी उंचीला तेच वजन तक्त्यात बरं दिसतं.

हा मुलगा दोन वर्षं दोन महिन्यांचा. उंची 80 सेंटिमीटर, वजन 9 किलो 200 ग्रॅम. उंचीच्या मानाने वजन साधारण श्रेणीत, अगदी काठावर. दंडघेर 12.7 सेंटिमीटर, म्हणजे पट्टीवर हिरवा. 11.5 च्या आत असता तर लाल. आई निर्धास्त होती. "मधी लई वाळला होता ताई, आता बाळसं धरलंय."

पण बाकीची पोरं काट्याशी झोंबत असताना हा मांडीवरून हलेना. हातातलं बिस्कीट तसंच. केस तांबूस, विरळ. नडगीवरची कातडी पापुद्र्याने सुटलेली. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठा तीन सेकंद दाबून उचलला, तर खड्डे तसेच राहिले. नडगीवरही तेच. सूज एकाच पायाला असेल तर जखम, गळू शोधावं. दोन्ही पायांना अशी सूज असली की मूल तीव्र कुपोषितच, वजन आणि दंडघेर काहीही सांगोत. काटा मांस आणि सुजेतलं पाणी वेगळं मोजत नाही.

विचारल्यावर कळलं, धाकटं सहा महिन्यांचं; ते पोटात असतानाच याचं अंगावरचं दूध तुटलं. खाणं म्हणजे भात, मिरचीची चटणी, कधीमधी सुकट. महिन्यापूर्वी जुलाबही होऊन गेलेले.

अशा मुलाच्या रक्तातली साखर चटकन उतरते. पोषण पुनर्वसन केंद्रात नेईपर्यंत उपाशी ठेवायचं नाही: तीन मोठे चमचे पाण्यात एक भरून चहाचा चमचा साखर, थोडं थोडं पाजायचं, आणि गुंडाळून उबेत ठेवायचं. सूज दिसली म्हणून लघवी होण्याचं औषध देणं घातक. सलाईन शॉक असेल तरच. लोहाचं औषधही पहिल्या टप्प्यात नको.

सगळ्यात अवघड असतं ते लोकांना अंडं, डाळ भरवण्यापासून थांबवणं. सुरुवातीला शरीराला एवढी प्रथिनं पेलत नाहीत. म्हणून केंद्रात आधी एफ-75 हे खास पातळ दूध देतात: 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमहून कमी. दिवसाला किलोमागे 130 मिलिलिटर. या मुलाला दर दोन तासांनी साधारण 100, रात्रीसुद्धा. रात्रीचाच घोट चुकतो, कारण आई दमून झोपलेली असते. सूज उतरू लागली, भूक परतली की त्याहून जास्त कॅलरी-प्रथिनांचं एफ-100.

आईला हे पटलं, पण जाता येईना. विटा नवरा-बायको जोडीनं पाडतात, मजुरीचा हिशेब हजार विटांमागे, आणि उचल फिटायची बाकी. शेवटी आजीनं भट्टीवरची तिची जागा घेतली, मुकादमानं ते चालवून घेतलं, आणि धाकट्याला घेऊन आई गाडीत बसली. नुसत्या समजावणीत तास गेले होते. खरा प्रश्न असा दहा मिनिटांत सुटला.

निघण्याआधी तिला एक गोष्ट बजावून सांगितली: पहिल्या आठवड्यात वजन घटेल. हे न सांगितल्यानेच बायका मूल उचलून घरी जातात. झालंही तसंच. सूज उतरल्यावर वजन 8 किलो 400 भरलं. तक्त्यात आता ते साधारणमधून मध्यम कुपोषितमध्ये घसरलं होतं, तीव्रच्या अगदी जवळ, पण मूल हसू लागलं होतं. वाढ मोजायची ती या 8 किलो 400 पासून. 15 टक्के वाढ म्हणजे साधारण 9 किलो 660 चं लक्ष्य. मूळ 9 किलो 200 धरलं तर सगळंच गणित चुकतं.

सुट्टीच्या कागदावर भट्टीचा पत्ता लिहून भागत नाही. मूळ गाव, पाडा आणि तिथली अंगणवाडी लिहून घेतली, कारण दर पंधरा दिवसांचं वजन पावसाळ्यात तिथंच व्हायचं होतं.