गच्चीवरचा शंकू: मिलिमीटर कुठे गळतात

शंकू म्हणजे सूर्याच्या सावलीवरून अक्षांश आणि मध्यान्हाची वेळ मोजायचं साधन. सद्यस्थिती: चौकट उभी आहे, फळी समपातळीत आहे, २३ सप्टेंबर २०२५चं वाचन हाती आहे. जागा ठाणे, अक्षांश १९.२° उत्तर, रेखांश ७२.९७° पूर्व.

या खेपेला उभी काठी काढूनच टाकली. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे मीटरभर उंच काठीच्या टोकाची सावली सेंटीमीटरभर तरी पुसट पडते, आणि खूण नेमकी कुठे करायची हा वाद सुटत नाही. आता फुटबॉलच्या गोलसारखी चौकट आहे. आडव्या दांडीवर २०० मिमी चौरस, १ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा आडवा बसवला असून मधोमध ५ मिमीचं भोक आहे. भोकातून खाली सूर्याचा साधारण १५ मिमीचा ठिपका पडतो. त्याच्या दोन्ही कडांवर खुणा करून मध्य काढायचा. पत्रा याहून लहान घेतला की भोवतीच्या उजेडात ठिपका हरवतो. वॉटरप्रूफिंगचा पांढरा रंग दिलेल्या गच्चीवर तर हमखास. (भोकातून सूर्याकडे पाहायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.)

सगळा खेळ पायाच्या खुणेचा, म्हणजे भोकाच्या बरोबर खालच्या बिंदूचा आहे. भोकाची उंची मीटरभर असेल तर ठिपक्यातली १ मिमीची चूक म्हणजे अक्षांशात सुमारे ०.०५°, जमिनीवर साडेपाच किलोमीटरांहून थोडं जास्त. त्यात पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला शंभराला एक असा उतार दिलेला असतो. गुण्या लावून त्या लादीशी काटकोनात काठी उभी केली आणि उतार उत्तर-दक्षिण असला, तर ०.५७° तिथेच गेले, म्हणजे साठेक किलोमीटर! म्हणून गुण्या नको, ओळंबा हवा. दोरी थेट भोकाच्या मध्यातून सोडायची, ती टेकेल तिथे फळीवर खूण. चौकट थोडी तिरकी असली तरी मग फरक पडत नाही. हे काम वारा पडलेला असताना, सकाळी लवकर उरकावं.

फळी मरीन प्लायची, १८ मिमी, चार फूट बाय दोन फूट. साधा प्लाय इथल्या दमट हवेत वाकतो. खाली तीन बोल्ट. चार लावले की एक अधांतरी राहतो. लेव्हल दोन्ही दिशांनी तपासायची. उंची मोजताना टेपच्या टोकाचा हूक वापरू नये, तो मुद्दामच थोडा ढिला असतो. १०० मिमीच्या रेघेपासून मोजून शंभर वजा करावेत. पायाची खूण दक्षिण कडेपासून १५० मिमी आत आहे, कारण १००० मिमी उंचीला ठिपका २१ जूनला ७४ मिमी दक्षिणेला जातो आणि २२ डिसेंबरला ९२१ मिमी उत्तरेला.

दिशेसाठी होकायंत्र वापरू नका, स्लॅबमधल्या सळया सुई फिरवतात. त्याऐवजी पायाच्या खुणेभोवती ४५० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं. ठिपका साडेअकराच्या सुमारास आणि पुन्हा दीडच्या सुमारास वर्तुळाला लागला; ते दोन बिंदू जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. ही रीत शुल्बसूत्रांइतकी (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांइतकी) जुनी आहे आणि अजून तिला तोड नाही.

वाचन: उंची १००२ मिमी, पायाच्या खुणेपासून ठिपक्याचं किमान अंतर ३५३ मिमी. म्हणजे सूर्याचा बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन १९.४°. विषुवक्षण (सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो क्षण) आदल्या रात्री ११:४९ला होऊन गेला होता, म्हणजे दुपारपर्यंत सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण कोनीय अंतर) −०.२° झालेली. ती चिन्हासकट मिळवली की अक्षांश १९.२°. ‘विषुवदिन म्हणजे क्रांती शून्य’ असं धरलं असतं तर वीस-बावीस किलोमीटर उत्तरेला सरकलो असतो. ध्रुवताऱ्याची उंची मोजणं सोपं वाटतं, पण तो खऱ्या ध्रुवापासून सुमारे ०.६° दूर फिरतो. दुरुस्ती न केलेल्या ध्रुवताऱ्यापेक्षा हा पत्रा बरा.

वेळेसाठी मात्र किमान अंतराच्या भरवशावर राहू नये. मध्यान्हाच्या दहा मिनिटं आधी-नंतर लांबी जेमतेम ३ मिमी बदलते, तर आडवं सरकणं मिनिटाला ४.६ मिमी. म्हणून ठिपका उत्तर-दक्षिण रेघ कधी ओलांडतो ते टिपायचं. अपेक्षित वेळ १२:३०:३०च्या आसपास: भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५° रेखांशापासूनचा फरक ३८ मिनिटं, त्यातून त्या दिवसाचं साडेसात मिनिटांचं कालसमीकरण (सूर्य घड्याळाच्या किती पुढे-मागे आहे तो फरक) वजा.

पुढचा टप्पा: दर आठवड्याला बरोबर १२:३८ला एक खूण. ३ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, तेव्हा ठिपका रेघेच्या ८३ मिमी पूर्वेला हवा. ११ फेब्रुवारीच्या सुमारास तो १४ मिनिटं मागे, तेव्हा ७२ मिमी पश्चिमेला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, या दोहोंचा हा हिशेब. शून्य सावलीसाठी (मध्यान्हाला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा) १६ मेच्या आसपासचे दिवस राखून ठेवावेत. २७ जुलैच्या सुमाराला दुसरी संधी येते खरी, पण ठाण्यात तेव्हा ढगच ढग.