बिस्मार्क पामला पाणी किती घालता?

आमच्या सोलापूरच्या घरी भर मे महिन्यात येणारा पाहुणा फाटकाजवळच्या चंदेरी-निळ्या बिस्मार्क पामकडे पाहून हमखास विचारतो, की याला पाणी किती घालता? उन्हाळ्यात तीन आठवड्यांतून एकदा, असे म्हटले की तो लगेच रोपाची किंमत विचारू लागतो. म्हणून उत्तराचा उरलेला भाग सांगणे मला भाग पडते.

हे झाड मूळचे मादागास्करमधल्या कोरड्या, वणवे लागणाऱ्या माळरानांवरचे. बिस्मार्क या जर्मन चान्सेलरचे नाव त्याला १८८१ साली मिळाले. पानांवरच्या मेणासारख्या थरामुळे ऊन परतते आणि ओलावा टिकतो. पान अंगठ्याने चोळले, तर तो थर निघून खालचा साधा हिरवा रंग दिसतो; आमच्या सर्वांत खालच्या पानावर पाहुण्यांच्या अंगठ्यांचे असे कितीतरी ठसे आहेत.

मात्र त्याची खरी ताकद मुळांत आहे. बी रुजताना आधी नळीसारखा एक कोंब जमिनीत खोल उतरतो आणि पहिले पान त्याच्या तळाकडून वर येते. हे मला ठाऊक नव्हते, तेव्हा मी हौसेने पाच फुटी, जमिनीतून खणून गोणपाटात बांधलेले झाड आणले होते. मुळे तुटलेली, त्यात आमची काळी, पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी जमीन; सप्टेंबरात मधला सुरळीदार कोंब नुसता ओढताच हातात आला आणि त्याच्या बुडाला कुजका वास येत होता.

दुसऱ्या वेळी पिशवीतले लहान रोप घेतले, मातीत मुरूम आणि वाळू मिसळून फूटभर उंच वरंबा केला, आणि मुळांभोवतीची माती न फोडता ते त्यावर लावले. पहिले दोन उन्हाळे त्याला दर चार दिवसांनी भरपूर पाणी दिले, कारण मुळे खोल जाईपर्यंत हे झाडही इतर रोपांइतकेच तहानलेले असते. शेणखताचा ढीग मात्र त्याच्याजवळ ठेवू नये, कारण नारळवाल्यांना छळणारा गेंड्या भुंगा तिथेच अंडी घालतो आणि मग पामचा कोंब पोखरतो.

जागेचे कुणी विचारत नाही, पण वाढलेल्या झाडाचे एकेक पान सात-आठ फूट रुंद होऊ शकते. मी ते फाटकापासून पाच फुटांवर लावले आहे, त्यामुळे मोटार आत घेताना हल्ली एकाला उतरून पान बाजूला धरावे लागते.