तुम्ही विचारलंत म्हणून : शेजारच्या पवनचक्कीपेक्षा आमची वीज कमी का?

एकाच टेकडीवर एकाच मॉडेलच्या दोन पवनचक्क्या, टॉवरची उंचीही तीच. मग वर्षाखेरीस एकीचे युनिट एवढे कमी कसे? हा प्रश्न आम्हाला सारखा येतो, आणि विचारणाऱ्याचा संशय बहुतेक वेळा आधीच गिअरबॉक्सवर नाहीतर पात्यांवर बसलेला असतो. उघडाउघडी करण्याआधी वारा तपासा. यंत्र सारखं असलं तरी दोघींच्या वाट्याला येणारा वारा सारखा असेलच असं नाही, आणि ऊर्जा वेगाच्या घनावर चालते. वेग १० टक्के घटला की ऊर्जा २७ टक्के जाते.

आधी तिरप्या वाऱ्याचं. वाकलेली पाती टॉवरला लागू नयेत म्हणून रोटर, म्हणजे पात्यांचं फिरणारं चक्र, मुळातच ५-६ अंश मागे कललेला असतो. टेकडीचा उतार चढून येणारा वारा खालून वर जातो, आणि इथे दोन कोनांची वजाबाकी न होता बेरीज होते. आयईसी ६१४००-१ हे पवनचक्क्यांचं आंतरराष्ट्रीय मानक डिझाइनसाठी ८ अंशांपर्यंतचा तिरपेपणा धरतं. त्यात ५ अंशांचा कल मिळवला तर १३ अंश झाले. पुस्तकी हिशेबात शक्ती कोसाइनच्या घनाने घटते, म्हणजे साडेसात टक्के. प्रत्यक्षात अनेकदा ती वर्गाच्या जवळपास घटते, म्हणजे ५ टक्के. पण माथ्यावर वारा वेगही घेतो, त्यामुळे एवढं गमावूनही ती जागा सहसा फायद्याचीच ठरते. काळजी करायची ती पात्यांवरच्या लोडची.

८ मीटर प्रति सेकंदाचा वारा १३ अंशांनी आला की त्यातला १.८ मीटरचा भाग रोटरच्या प्रतलातच उरतो. खाली येणारं पातं त्याला समोरून भिडतं, वर जाणारं त्याच्याबरोबर धावतं. पात्याच्या मध्यावर वेग ४० मीटर असेल, तर दर फेरीत साडेचार टक्क्यांचा चढउतार झाला. मिनिटाला १२ फेऱ्या धरल्या तर दिवसाला १७,२८० वेळा! त्याची किंमत पात्यांची मुळं, पिच बेअरिंग (ज्यावर पातं आपल्या अक्षात वळतं) आणि मेन बेअरिंग (ज्यावर मुख्य शाफ्ट फिरतो) मोजतात. उतार १७ अंशांच्या पलीकडे गेला की वारा जमीन सोडून सुटतो आणि मागे भोवरे राहतात. अशा कड्यापासून थोडी आत उभी केलेली चक्की खालच्या बाजूने त्या भोवऱ्यात आणि वरून स्वच्छ वाऱ्यात फिरते. ही सगळ्यात वाईट जागा.

आता वेक, म्हणजे पुढच्या चक्कीने ऊर्जा काढून घेतल्यावर मागे उरलेला मंद, घुसळलेला वारा. त्यातली वेगाची तूट काढायला जेन्सनचं १९८३चं सूत्र जुनं असलं तरी अंदाजाला पुरतं. थ्रस्ट गुणांक, म्हणजे रोटर वाऱ्याला किती अडवतो त्याचं माप, ०.८ घ्या: १ मधून ०.२ चं वर्गमूळ वजा केलं की ०.५५३. जमिनीवर वेक पसरण्याचा स्थिरांक ०.०७५ आणि अंतर रोटरच्या ५ व्यासांइतकं असेल, तर भाजक १.७५ चा वर्ग, म्हणजे ३.०६. वेगातली तूट १८ टक्के आली, आणि घन केल्यावर मागच्या चक्कीची शक्ती ४५ टक्के गेली. अंतर ७ व्यास केलं तर ३४ टक्के, १० व्यास केलं तर २४. समुद्रावर वेक हळू विरतो. तिथे स्थिरांक ०.०४ धरतात आणि ७ व्यासांवरही निम्म्याहून जास्त शक्ती जाते. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्हमधल्या ८० चक्क्या ७ व्यास अंतरावर आहेत, तरी रांगेच्या दिशेने वारा आला की मागच्यांचं उत्पादन पडतंच. २००८च्या फेब्रुवारीत धुक्यामुळे तिथले वेक चक्क फोटोत दिसले.

हे आकडे वारा नेमका रांगेतून येतो तेव्हाचे. ५ व्यासांवर वेकचा फटका सुमारे ३० अंशांच्या पट्ट्यात बसतो, बाकी दिशांना नाही. रेटेड वेगाच्या, म्हणजे ज्या वेगाला चक्की पूर्ण क्षमतेने चालू लागते त्याच्या, बऱ्याच वर वारा असला की तूट सोसूनही दोघी पूर्ण वीज देतात. शांत, थंड रात्री हवा घुसळत नाही, तेव्हा वेक लांबवर टिकतो. आणि अर्धाच वेक अंगावर घेणारी चक्की पूर्ण वेकमधल्या चक्कीपेक्षा जास्त थकते, कारण पातं दर फेरीत मंद हवेतून वेगवान हवेत जातं.

मग शोधायचं कसं? स्काडाचे, म्हणजे चक्कीच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेचे, दहा मिनिटांचे आकडे घ्या आणि नॅसेलवरच्या (टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीवरच्या) वेगमापकाच्या वेगासमोर शक्ती मांडा. बिंदू उत्पादकाने दिलेल्या वेग-शक्तीच्या वक्रावर बसतात तरी युनिट कमी, तर संशय वेकवर. तिथे वाराच कमी पोचतोय आणि मापक तो कमीच दाखवतोय. वेकचा तोटा या वक्रात दिसत नाही, हे न कळल्यामुळे कित्येक निरोगी चक्क्यांवर उपचार होतात. खात्रीसाठी दोघींच्या शक्तीचं गुणोत्तर १० अंशांच्या दिशा-गटांत मांडा. शेजारणीच्या दिशेला खड्डा पडलेला दिसेल.

बिंदू वक्राखाली असतील तर ६ ते १० मीटर वेगाचे आकडे निवडा आणि दिशादर्शकाच्या वाचनानुसार, म्हणजे वारा नॅसेलच्या किती अंश बाजूने येतो त्यानुसार, सरासरी शक्ती काढा. शिखर शून्यावर हवं. ते ७ अंशांवर असेल तर दिशादर्शक वाकडा बसला आहे. दीड-दोन टक्के वीज फुकट जातेय आणि कंट्रोलरमधला ऑफसेट बदलून ती परत मिळते. मात्र नॅसेलचा वेगमापक रोटरच्या मागे असतो आणि त्याच्या वाचनात करायची दुरुस्ती सपाट जमिनीवर ठरवलेली असते. वर चढणाऱ्या वाऱ्यात तो फसतो, म्हणून वाद मोठा असेल तर नॅसेलवर काही आठवडे लायडार, म्हणजे रोटरच्या पुढचा वारा लेझरने मोजणारं यंत्र, बसवा.

वेकवर उपाय दोनच. पुढची चक्की २० अंश वळवून वेक बाजूला ढकलायचा, नाहीतर वाईट दिशांना एक चक्की मंद किंवा बंद ठेवायची. पहिल्यात पुढची थोडं गमावते, त्यामुळे दोघींचे मालक वेगळे असतील तर आधी करार करा, मग कंट्रोलरला हात लावा.