धोतर अंथरलं आणि वाद मिटला

मी कृषी सहायक आहे. मोहोळ तालुक्यातल्या माझ्याकडच्या गावांत डाळिंबाच्या जोडीला कागदी लिंबाच्याही बागा आहेत. भाद्रपदात नवी पालवी फुटली की लिंबावर पानं खाणारी अळी येते. पिवळ्या-काळ्या रंगाचं फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक सुटं अंडं घालत जातं. त्यातून निघालेली अळी तपकिरी असते, मधे पांढरे डाग, अगदी पाखरानं शिटल्यासारखी दिसते. त्यामुळं ती नजरेला पडतच नाही. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते, आणि अशा आठ-दहा अळ्या लहान झाडाचा बघता बघता खराटा करतात.

सकाळीच एका मावशींचा फोन आला. त्यांच्या दोन वर्षांच्या बागेत माझ्या सांगण्यावरून आदल्या दिवशी निंबोळी अर्क फवारला होता.

"ताई, तुमचं औषध पाण्यात गेलं बघा. आळ्या जित्त्याच हायत्या. पोरगं दुकानातनं कडक औषध घेऊन आलंय, संध्याकाळी मारतो म्हनतंय."

मी गाडी काढली. अर्क मावशींनी माझ्यासमोरच केला होता, त्यात काही खोट नव्हती. निंबोळ्या त्यांच्याच बांधावरच्या, ज्येष्ठात वेचून सावलीत वाळवलेल्या. पाच किलो भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवला, सकाळी ढवळून फडक्यातून पिळून घेतला, दोनशे ग्रॅम साबण विरघळवून घातला आणि सगळं मिळून शंभर लिटर केलं. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, म्हणून विहिरीचं पाणी घ्यायला लावलं होतं. फवारणीही ऊन उतरल्यावर केली, कारण कडुनिंबातला अझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर निकामी होतो.

बागेत गेले तर मुलगा बांधावर बाटली घेऊनच उभा. "मॅडम, ही बघा," म्हणत त्यानं एक हिरवी अळी काडीनं डिवचली. अळीनं डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढली, उग्र वास सुटला. जिवंत तर होतीच. फवारलं की अळी टपाटपा खाली पडली पाहिजे, अशी आपल्याला सवय लागली आहे. निंबोळी अर्क तसा चालत नाही. तो आधी अळीचं खाणं तोडतो. १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान यांनी निंबोळीच्या बियांतल्या गराचं पाणी पिकांवर फवारलं होतं. टोळधाड आली, पिकावर बसली, पण तिनं पीक खाल्लं नाही. मी हे सांगितलं. मुलानं मान हलवली, पण त्याचा हात बाटलीवरचा निघाला नाही. त्याचं काही चुकत नव्हतं. वर्षाची मेहनत त्याच्या डोळ्यांसमोर कुरतडली जात होती.

मग मावशींना म्हटलं, जुनं पांढरं धोतर असेल तर द्या. बांधाकडची चार झाडं पंपातला अर्क संपल्यामुळं फवारायची राहिली होती. धोतर फाडून एक तुकडा त्यातल्या एका झाडाखाली अंथरला, दुसरा फवारलेल्या झाडाखाली. दोन्हीवर अळ्या साधारण सारख्याच. "एक रात्र थांबा, उद्या मी स्वतः येते," एवढंच मागितलं.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मावशी माझ्याआधीच झाडाखाली बसल्या होत्या. न फवारलेल्या झाडाखालचं कापड काळ्या-हिरव्या लेंड्यांनी भरून गेलं होतं. फवारलेल्या झाडाखाली मोजून चार-पाच लेंड्या. मावशींनी त्या बोटानं सारल्या, वर पाहिलं. अळ्या पानावरच होत्या, पण पानाच्या कडा कालच्यासारख्याच.

"खातच न्हाईत की गं ह्या!"

अर्काचं दुसरं काम दिसायला आणखी दोन-तीन दिवस गेले. अळीला वाढायचं तर कात टाकावी लागते, आणि कात टाकायला लागणाऱ्या संप्रेरकातच हा अर्क बिघाड करतो. भिंगाखाली मुलाला एक अळी दाखवली. जुनी कातडी पाठीवर फाटलेली, पण मागच्या अंगाला तशीच चिकटलेली, आणि डोक्याचं जुनं टोपण तोंडावर अडकलेलं. तिला ना खाता येत होतं, ना पुढं सरकता येत होतं. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मोठ्या अळ्यांचं काय?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण खरी अडचण तिथंच आहे. पूर्ण वाढलेल्या अळीवर अर्काचा भरवसा धरू नये. ती हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकायची. अर्क मारायचा तो अंडी आणि बारीक अळी दिसताच, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा. वर्षाच्या वर जुन्या, बुरशी आलेल्या निंबोळ्या घेऊन कुणी अर्क केला आणि गुण आला नाही, तर त्यात झाडाचा दोष नाही. आपल्या सोलापूरकडं बांधाबांधावर कडुनिंब उभा आहे, आणि निंबोळ्या पायाखाली तुडवून आपण दुकानात उधारी वाढवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलानं सीलबंद बाटली दुकानात परत केली. दुसऱ्या फवारणीला त्यानं पंप खांद्यावर घेतला, तेव्हा मावशींनी त्याला हटकलं, "आधी पंप धू, मागचं औषध असंल त्यात. आन ह्या खेपंला बांधाकडची झाडं सोडू नगंस."